चुलीचा धूर आणि आजचे निदान

आज स्पायरोमेट्रीचा, म्हणजे जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजण्याच्या तपासणीचा, अहवाल हाती आला आणि मला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असल्याचे निश्चित झाले. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण सोडलेल्या हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर हे निदान केले जाते. मी कधीही विडी-सिगारेट ओढलेली नाही. परंतु लहानपणापासून लग्नानंतरही कितीतरी वर्षे चुलीपुढे बसून गोवऱ्या-लाकडांचा धूर घेतला. आपल्याकडे असंख्य बायकांची फुप्फुसे याच धुराने अधू होतात, तरी त्याला तंबाखूइतके घातक कोणी मानत नाही, याचा मला आज मनापासून राग आला.

रडू आले, ते मी अडवले नाही. नंतर डॉक्टरांनी इनहेलर कसा घ्यायचा ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतले: आधी पूर्ण श्वास सोडायचा, मग औषध सावकाश ओढायचे आणि जमेल तर 10 सेकंद श्वास रोखून धरायचा. जिना चढताना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडण्याची रीत यजमानांनीही माझ्यासोबत शिकून घेतली, त्याने फार धीर आला. फ्लूची लस याच आठवड्यात घेणार आहे. गावाकडच्या जाऊबाईंना मात्र आजच फोन करून तपासणीसाठी बोलावले आहे, कारण त्यांचा खोकलाही जुनाच आहे आणि त्यांची चूल अजून विझलेली नाही.