मोहाडीला जाताय? सकाळी सातला बागेत हवं

नाशिकला येणारे बहुतेक पाहुणे गंगापूर धरणाकडच्या वायनरीत फोटो काढतात आणि घरी जातात. द्राक्षाचं गाव बघायचं तर दिंडोरी तालुक्यात शिरा. महामार्गाने ओझरच्या अलीकडे दहावा मैल लागतो. तिथून डावीकडे जानोरी, पुढे मोहाडी. शहरापासून साधारण पाऊण तास.

आम्ही जानेवारीअखेर आतेभावाकडे, अण्णाकडे गेलो होतो. पोचलो दुपारी बाराला, तिथेच चुकलं. दुमजली बंगला, दारात ट्रॅक्टर, शेजारी नवी गाडी आणि दाराला कुलूप. सगळे बागेत. तोडणी सकाळच्या गारव्यात जोरात असते, ती बघायची तर सातला बांधावर हवं. कानटोपी न्याच. आणि आदल्या दिवशी फवारणी झालीय का, हे विचारल्याशिवाय बागेत शिरू नका.

दुसऱ्या दिवशी निर्यातीच्या प्लॉटमध्ये गेलो. घडन् घड कागदात गुंडाळलेला, कारण मणी गुलाबी पडला की परदेशी जाणारा माल लोकल बाजारात जातो. बाया घड फक्त देठाला धरून कात्री लावतात. मण्यावरची पांढरट झाक बोटाने पुसली की माल हाताळलेला दिसतो. मला काय माहीत! मी एक घड कौतुकाने तळहातावर घेतला. मुकादमीण म्हणाली, "दादा, तो आता तुम्हीच खा." मणी मापायला भोकं पाडलेली पट्टी असते. ठरलेल्या भोकातून जो मणी आरपार गेला, तो बारीक.

ही टोळी सुरगाण्याकडची. तिकडे पावसाळ्यात भात-नागली निघते, मग हाताला काम नाही. म्हणून ऑक्टोबर छाटणीपासून ही कुटुंबं इकडे येतात, उक्तं काम घेतात, बांधाला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. विरळणी म्हणजे घडातले दाटलेले मणी काढणं, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, मग तोडणी, सगळं त्यांच्याच हातून. गावातले बंगले मोजलेत तर या खोल्याही मोजा.

आतेभावाला बंगल्याबद्दल छेडलं, तर अण्णा हसला. "एकरी अडीच-तीन लाख आधी बागेत घालायचे. फुलोऱ्यात पाऊस आला की डावणीची बुरशी, तोडणीला आला की मणी तडकले." तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी माल भरून गेला तो गेलाच. तेव्हापासून रोख हातात आल्याशिवाय अण्णा कात्री लावू देत नाही. वहिनींना मात्र तो विषय काढलेला आवडत नाही, तुम्हीही कुणाच्या घरी काढू नका.

व्यापाऱ्यावाचून चालवायचा एक मार्ग याच गावात आहे: विलास शिंदे यांच्या पुढाकाराने २०१० साली उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स, शेतकऱ्यांचीच उत्पादक कंपनी. बघायची असेल तर आधी विचारून, वेळ ठरवून जा. हाताशी अर्धा दिवस उरला तर ओझरच्या पाणीवापर संस्थांची चौकशी करा. कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नव्हतं, तेव्हा बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं. पुढे वाघाड धरणाच्या प्रकल्पातल्या पाण्याचं वाटपच शेतकऱ्यांच्या हाती आलं. आज ज्या बागा बघायला आपण जातो, त्यातल्या कितीतरी त्या पाण्यावर आहेत.

राहायला नातेवाईक नसतील तर मुक्काम नाशकातच करा, गावात लॉज शोधत बसू नका. येताना अण्णाने एक क्रेट दिलं. ते डिकीत टाकून मी वाटेत मिसळ खायला तासभर थांबलो, गाडी उन्हात. घरी येऊन उघडलं तर निम्मे मणी देठापासून सुटलेले. तुम्ही क्रेट मागच्या सीटवर, सावलीत ठेवा.