डेव्हलपमेंटसाठी कंटेनरमधला पोस्टग्रेस: एकदाच काय होतं आणि दर वेळी काय होतं

डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणाऱ्या डब्यात, पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर उभा करायला एक कमांड पुरते. पण काही दिवसांनी ठरावीक तक्रारी सुरू होतात. कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये पासवर्ड बदलला तरी जुनाच चालतो. नवीन टेबलाची स्क्रिप्ट फोल्डरमध्ये टाकली तरी टेबल दिसत नाही. ताजी इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, ओढली आणि डेटाबेस उठेनासा झाला. वरवर वेगळ्या दिसणाऱ्या या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

अधिकृत पोस्टग्रेस इमेजमधली एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट, म्हणजे कंटेनर उठताना पहिली चालणारी स्क्रिप्ट, सगळ्यात आधी डेटा डिरेक्टरी बघते. ती रिकामी असेल तर इनिटडीबी (डेटा डिरेक्टरी नव्याने तयार करणारी कमांड) चालवते, युजर आणि डेटाबेस तयार करते, पासवर्ड लावते आणि इनिट फोल्डरमधल्या फाइली चालवते. तिथे आधीच डेटा असेल तर यातलं काहीही न करता थेट सर्व्हर सुरू करते. म्हणून कंपोज फाइलमधल्या प्रत्येक ओळीबद्दल एक प्रश्न विचारायचा: ही ओळ फक्त रिकाम्या डिरेक्टरीवर लागू होते, की प्रत्येक वेळी सुरू होताना? हे एकदा पक्कं झालं की अर्धे घोळ आपोआप संपतात.

पासवर्ड, युजर आणि डेटाबेसचं नाव देणारे तिन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पहिल्या प्रकारात मोडतात. त्यातला पासवर्डचा द्यावाच लागतो, नाहीतर कंटेनर पहिल्याच पायरीवर एरर देऊन थांबतो. युजर न दिल्यास 'पोस्टग्रेस' धरला जातो आणि डेटाबेसचं नाव न दिल्यास युजरचंच नाव त्याला मिळतं. व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणाऱ्या डॉकरच्या साठ्यात, डेटा आल्यानंतर हे तिन्ही कितीही बदला, सर्व्हर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पासवर्ड खरोखर बदलायचा असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन क्लायंटमध्ये शिरून 'ऑल्टर रोल' करायचं, किंवा डेटा टाकाऊ असेल तर व्हॉल्यूम काढून नव्याने सुरुवात करायची.

पासवर्ड बरोबर आहे का हे तपासताना हमखास फसवणूक होते. या इमेजच्या एचबीए फाइलमध्ये (कोणत्या कनेक्शनला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी फाइल) कंटेनरच्या आतून येणाऱ्या कनेक्शनला, म्हणजे युनिक्स सॉकेट आणि १२७.०.०.१ या दोन्हींना, 'ट्रस्ट', म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, दिलेला असतो. 'डॉकर एक्झेक' करून आत गेलात तर पासवर्ड विचारलाच जात नाही, आणि आपल्याला वाटतं की तो जुळला. खरी परीक्षा बाहेरून किंवा दुसऱ्या कंटेनरमधूनच होते. आणखी एक बारीक गोष्ट: पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर कंपोज त्याला व्हेरिएबल समजतं. कंपोज फाइलमध्ये ते चिन्ह दोनदा लिहावं लागतं.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे दर वेळी लागू होणाऱ्यांत, कंपोजच्या 'कमांड' ओळीत 'पोस्टग्रेस'नंतर 'उणे सी' लावून दिलेली सेटिंग्ज येतात. डेव्हलपमेंटमध्ये क्वेरी दिसायला हव्यात तर 'लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट' तिथे शून्य करा, प्रत्येक क्वेरी वेळेसकट लॉगमध्ये येते. क्वेरींची आकडेवारी ठेवणारं 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेन्शन हवं असेल तर ते 'शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज'मध्ये याच ओळीतून द्या आणि नंतर डेटाबेसमध्ये 'क्रिएट एक्स्टेन्शन' करा. यातली पहिली गोष्ट दर वेळी होते, दुसरी एकदाच. फक्त दुसरी केली तर एक्स्टेन्शन तयार झालेलं दिसतं, पण त्याच्या व्ह्यूवर क्वेरी मारली की एरर येते.

डेटा कुठे राहतो

कंटेनर फेकून द्यायचा असतो, डेटा नाही. म्हणून नाव दिलेला व्हॉल्यूम हवा, आणि तो नेमक्या जागी लावायला हवा. आवृत्ती १७ आणि त्याआधीच्या इमेजमध्ये ती जागा '/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा' आहे. शेवटचा 'डेटा' गाळून वरच्या फोल्डरवर व्हॉल्यूम लावला, तरी सगळं नीट चाललेलं दिसतं. पण इमेजने आतल्या 'डेटा' फोल्डरवर स्वतःचा व्हॉल्यूम जाहीर केलेला असतो, त्यामुळे डॉकर तिथे एक निनावी व्हॉल्यूम जोडतो आणि खरा डेटा त्यात जातो. कंटेनर काढून पुन्हा उभा केला की नवा निनावी व्हॉल्यूम येतो आणि डेटाबेस रिकामा दिसतो. आपला नावाचा व्हॉल्यूम इतके दिवस रिकामाच होता हे तेव्हा कळतं.

आवृत्ती १८ पासून हे उलटं झालं. आता व्हॉल्यूम वरच्या '/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल' वर लावायचा, आणि डेटा त्याच्या आत आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरमध्ये जातो. जुनी कंपोज फाइल घेऊन नुसता आकडा १७ चा १८ केला तर इथेही अडतं.

'कंपोज डाउन' ने नावाचे व्हॉल्यूम जात नाहीत. 'डाउन'ला 'उणे व्ही' जोडला की ते जातात, आणि 'नक्की का?' असं कोणी विचारत नाही. ही कमांड टीमच्या दस्तऐवजात लिहाल तेव्हा 'डेटा पुसण्यासाठी' असं ठळक लिहा.

आपल्या मशीनवरचं साधं फोल्डर थेट जोडणं मी टाळायलाच सांगेन. पोस्टग्रेसला डेटा डिरेक्टरी स्वतःच्या मालकीची लागते आणि तिची परवानगी ०७०० किंवा ०७५० हवी असते. डेबियनवर आधारलेल्या इमेजमध्ये पोस्टग्रेसचा युजर आयडी ९९९ असतो, अल्पाइनमध्ये ७०. विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फोल्डरला या परवानग्या नीट लावता येत नाहीत. मॅकवर प्रत्येक लिहिणं व्हर्च्युअल मशीनची हद्द ओलांडून जातं, त्यामुळे वेग पडतो. नावाचा व्हॉल्यूम लिनक्सच्या बाजूलाच राहतो, म्हणून हे दोन्ही प्रश्न येत नाहीत.

इनिट फोल्डरमध्ये किती ठेवायचं

'डॉकर एंट्रीपॉइंट इनिटडीबी डी' या फोल्डरमधल्या एसक्यूएल, जीझिप केलेल्या एसक्यूएल आणि शेल फाइली नावाच्या क्रमाने चालतात. क्रम अक्षरांचा आहे, संख्येचा नाही. त्यामुळे १०ने सुरू होणारी फाइल २ने सुरू होणाऱ्या फाइलच्या आधी चालते. ०१, ०२ असे आकडे द्या. शेल फाइल विंडोजवर सेव्ह झाली असेल तर ओळीच्या शेवटचं जादा चिन्ह तिला बिघडवतं, आणि एरर अशी येते की बॅशच सापडत नाही. गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये शेल फाइलींसाठी 'एलएफ' सक्तीचं केलं की हा प्रश्न कायमचा मिटतो. शेल फाइलला चालवण्याची परवानगी नसेल तर ती वेगळी न चालता एंट्रीपॉइंटच्याच शेलमध्ये वाचली जाते. तिच्यात 'एक्झिट' लिहिलं असेल तर एंट्रीपॉइंटच बाहेर पडतो.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र अर्धवट इनिटचा. समजा तिसऱ्या फाइलमध्ये चूक आहे. एसक्यूएल फाइली पहिल्या एररला थांबतील अशाच चालवल्या जातात, त्यामुळे कंटेनर बंद पडतो. कंपोजमध्ये 'रीस्टार्ट ऑलवेज' असेल तर तो लगेच पुन्हा उठतो, डिरेक्टरीत डेटा बघतो आणि इनिट वगळून सर्व्हर सुरू करतो. वरून सगळं हिरवं, आत अर्धी टेबलं. लॉग वर सरकवून पाहिला तरच मूळ एरर सापडते. म्हणून डेव्हलपमेंटच्या डेटाबेसला 'रीस्टार्ट ऑलवेज' लावू नका, आणि इनिट फसलं की फाइल दुरुस्त करण्याबरोबर व्हॉल्यूमही काढा.

माझं ठाम मत असं आहे की या फोल्डरमध्ये फक्त एक्स्टेन्शन, रोल (पोस्टग्रेसमधले युजर) आणि हवं तर चाचणीसाठीचा दुसरा डेटाबेस, एवढंच ठेवावं. टेबलं मायग्रेशनमधून, म्हणजे रचनेतले बदल क्रमाने लावणाऱ्या स्क्रिप्टांमधून, यावीत. ती इनिटमध्ये ठेवली की नवीन माणसाच्या मशीनवर एक रचना आणि जुन्याच्या मशीनवर दुसरी, हे होणारच.

'तयार आहे' म्हणजे नक्की काय

ॲप्लिकेशन डेटाबेसच्या आधी उठू नये म्हणून 'डिपेंड्स ऑन' लिहितात. नुसतं लिहिलं तर कंपोज फक्त डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट बघतो, आतला सर्व्हर तयार होण्याची नाही. त्यासाठी डेटाबेसला हेल्थचेक, म्हणजे सर्व्हर तयार आहे का हे ठरावीक वेळाने तपासणारी कमांड, द्यायचा आणि 'डिपेंड्स ऑन'मध्ये 'सर्व्हिस हेल्दी' ही अट लावायची. हेल्थचेकमध्ये 'पीजी इज रेडी' चालवतात, आणि इथेच एक सापळा आहे.

इनिट चालू असताना एंट्रीपॉइंट एक तात्पुरता सर्व्हर उभा करतो. तो फक्त युनिक्स सॉकेटवर ऐकतो, नेटवर्कवर नाही. इनिट संपल्यावर तो बंद होतो आणि खरा सर्व्हर सुरू होतो. होस्ट न देता चालवलेलं 'पीजी इज रेडी' सॉकेटवरून विचारतं, म्हणजे त्या तात्पुरत्या सर्व्हरलाच विचारतं, आणि 'तयार आहे' असं उत्तर घेऊन येतं. ॲप्लिकेशन सुरू होतं आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' खातं. हे फक्त पहिल्या वेळी, रिकाम्या व्हॉल्यूमवर घडतं. त्यामुळे सीआयमध्ये (कोडच्या बदलांवर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) रोज दिसतं आणि आपल्या मशीनवर कधीच दिसत नाही. उपाय सोपा आहे: हेल्थचेकमध्ये 'उणे एच १२७.०.०.१' द्या. मग नेटवर्कवर ऐकणारा खरा सर्व्हर उठल्यावरच हिरवा कंदील मिळतो. इनिट मोठं असेल तर 'स्टार्ट पीरियड' ३० सेकंद किंवा जास्त ठेवा, इंटरव्हल २ ते ५ सेकंद पुरतो.

लॉगमध्ये 'रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स' ही ओळ पहिल्या वेळी दोनदा येते, तीही याच कारणाने. लॉग वाचून वाट बघणारी स्क्रिप्ट असेल तर रिकाम्या व्हॉल्यूमवर तिने दुसऱ्या ओळीपर्यंत थांबायला हवं.

पोर्टबद्दल थोडक्यात. मशीनवर आधीच पोस्टग्रेस असेल तर ५४३२ अडलेला असतो, मग ५४३३ बाहेर आणि ५४३२ आत असं जोडतात. आपल्या मशीनवरून ५४३३, पण दुसऱ्या कंटेनरमधून कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव आणि ५४३२च. कंटेनरमध्ये 'लोकलहोस्ट' म्हणजे तोच कंटेनर. आणि पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायला विसरू नका. नुसता पोर्ट लिहिला तर डॉकर तो सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर उघडतो, आणि लिनक्सवर तो स्वतःचे आयपीटेबल्स नियम लावत असल्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेला पोर्टही बाहेरून गाठता येतो. सोपा पासवर्ड असलेला डेव्हलपमेंटचा डेटाबेस सार्वजनिक वायफायवर उघडा पडणं ही गंभीर गोष्ट आहे.

मोठ्या टेबलावर समांतर क्वेरी चालवल्यावर 'शेअर्ड मेमरी सेगमेंट'चा आकार बदलता येत नाही, जागा नाही, अशी एरर आली तर डिस्क तपासत बसू नका. डॉकर कंटेनरला '/डेव्ह/एसएचएम'साठी मुळात फक्त ६४ एमबी देतो आणि पोस्टग्रेसचे समांतर वर्कर तीच जागा वापरतात. कंपोजमध्ये 'एसएचएम साइझ' २५६ एमबी करा. कंटेनर १३७ कोड देऊन मेला तर मात्र बहुधा मेमरीची मर्यादाच आड आली, तिथे हा आकडा वाढवून उपयोग नाही.

चाचण्यांसाठी वेगळा कंटेनर ठेवा आणि त्यात टिकाऊपणा सोडून द्या: 'एफसिंक', 'सिंक्रोनस कमिट' आणि 'फुल पेज राइट्स' तिन्ही बंद, आणि डेटा डिरेक्टरी टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये. वीज गेली तर डेटा जातो, पण चाचणीच्या डेटाला जायचंच असतं. रोजच्या कामाच्या डेटाबेसला हे कधीही लावू नका, एक क्रॅश झाला की फाइली दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतात. मायग्रेशन एकदा चालवून एक डेटाबेस तयार करा आणि प्रत्येक चाचणीसाठी 'क्रिएट डेटाबेस'ला तो 'टेम्प्लेट' म्हणून द्या. मायग्रेशन पुन्हा पुन्हा चालवण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान आहे. अट एवढीच की त्या क्षणी टेम्प्लेटला एकही कनेक्शन जोडलेलं नको. ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल तिथे लटकलेला असतो, आणि एरर त्यामुळेच येते.

आवृत्ती बदलताना

इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' ठेवू नका, निदान मुख्य आवृत्तीचा आकडा लिहा. १६ने तयार केलेली डेटा डिरेक्टरी १७ उघडत नाही. लॉगमध्ये ते स्पष्ट सांगतो आणि थांबतो, डेटाला काही होत नाही. पायाही एकच ठेवा. डेबियनवर बनलेला व्हॉल्यूम अल्पाइनला जोडला तर सर्व्हर उठतो, पण अक्षरांचा क्रम ठरवणारी सी लायब्ररी बदललेली असते. जुन्या क्रमाने बांधलेले मजकुराचे इंडेक्स मग ओळी चुकवतात. डेबियनची आवृत्ती बदलली तरी कोलेशनची, म्हणजे अक्षरक्रमाच्या नियमांची, आवृत्ती जुळत नाही असा इशारा येऊ शकतो. तो आला की 'रीइंडेक्स' करा, आणि त्यानंतरच 'रिफ्रेश कोलेशन व्हर्जन'. उलट क्रमाने केलं तर इशारा जातो आणि बिघाड राहतो.

मुख्य आवृत्ती बदलायची तर जुना कंटेनर चालू ठेवून 'पीजी डम्प ऑल'ने सगळं एका फाइलमध्ये काढा. 'कंपोज एक्झेक'ला 'उणे कॅपिटल टी' द्या. टर्मिनल जोडलेलं राहिलं तर आउटपुटमध्ये जादा चिन्हं घुसतात, आणि 'पीजी डम्प'च्या कस्टम फॉरमॅटची फाइल तर त्याने वाचण्यापलीकडे जाते. मग नवी आवृत्ती नव्या नावाच्या व्हॉल्यूमवर उभी करा आणि फाइल पीएसक्यूएलमधून आत ओता. व्हॉल्यूमच्या नावातच आवृत्तीचा आकडा ठेवला की जुनं चुकून जोडलं जात नाही. ओतताना 'हा रोल आधीच आहे' अशी एरर येईल, ती अपेक्षित आहे. म्हणून इथे पहिल्या एररला थांबण्याचं सेटिंग लावू नका, बाकी एरर मात्र वाचा. जुना डेटाबेस १३ किंवा त्याआधीचा असेल तर पासवर्ड एमडी५ स्वरूपात आलेले असतात, आणि १४ पासूनची इमेज स्क्रॅम हे नवं स्वरूप मागते, म्हणून लॉगिन नाकारलं जातं. डेटा पूर्ण आलेला असूनही ॲप्लिकेशन जोडलं जात नसेल तर प्रत्येक रोलचा पासवर्ड 'ऑल्टर रोल'ने पुन्हा लावा. जुना व्हॉल्यूम त्यानंतर, नव्यावर मायग्रेशन आणि चाचण्या एकदा पूर्ण चालल्या की काढा.