स्वमग्न मुलाचं कॉलेज: सवलतीचा अर्ज आणि एक पानी पत्र

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला बी.कॉम.ला घातलं तेव्हा पहिलं काम यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं होतं. निदानाचं खासगी डॉक्टरांचं पत्र कॉलेजला पुरत नाही. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करावी लागते. तिथे 'आयसा' ही भारतीय मापनश्रेणी वापरतात: 40 मुद्दे, आणि 70 गुणांपासून पुढे स्वमग्नता धरतात. बरीच माहिती पालकांकडूनच घेतात. मुलाची बाजू सावरून बोलायची सवय इथे नडते. त्याला रोज कुठे मदत लागते तेच सांगायचं. मिळालेल्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो.

परीक्षेची सवलत मागताना 'लेखनिक' आणि 'जादा वेळ' या वेगळ्या मागण्या आहेत हे अर्जात स्पष्ट लिहावं. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक न घेताही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देण्याची तरतूद होती. पण आमच्या बाबतीत वेळेपेक्षा खोली महत्त्वाची ठरली. शंभर मुलांच्या हॉलमध्ये पंख्याची घरघर, पुरवण्यांची सळसळ आणि पर्यवेक्षकांच्या चपलांचा आवाज असेल, तर मिळालेला तास स्वतःला सावरण्यातच जातो. म्हणून वेगळी खोली स्पष्ट शब्दांत मागायची. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच आवक विभागात द्यायचा आणि पोच घ्यायची. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली, तर 'आता बैठक व्यवस्था लागली' हेच ऐकावं लागतं.

खरा प्रश्न अंतर्गत मूल्यमापनाचा. तिथले गुण शिक्षकांच्या हातात असतात आणि छापील सवलती लेखी पेपरपुढे फारशा जात नाहीत. त्यासाठी प्रत्येक शिक्षकाला एकच पान दिलं. त्यात स्वमग्नतेची व्याख्या नाही, फक्त काय करायचं ते:

"वर्गाची खोली किंवा वेळ बदलली तर आदल्या दिवशी मेसेज करा. तोंडी परीक्षेत एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि दहा सेकंद थांबा; तो गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही असं नाही. नजर मिळवली नाही म्हणून गुण कापू नका. 'नीट लिही' म्हणू नका, 'प्रत्येक मुद्द्यावर तीन ओळी लिही' म्हणा."

त्यातली दहा सेकंदांची ओळ सगळ्यांत उपयोगी पडली. उत्तर यायला उशीर झाला की परीक्षक सवयीनं प्रश्न बदलून विचारतात. मग मुलाच्या डोक्यात दोन प्रश्न होतात आणि पहिल्याचं तयार होत आलेलं उत्तरही जातं.

गटप्रकल्पात 'आपापसांत ठरवा' हे वाक्य घातक. त्याचा भाग, पानं आणि तारीख शिक्षकांनीच लिहून द्यावी. प्रेझेंटेशनऐवजी आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालेल का, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारलेलं बरं.

वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही, हा निर्णय त्याचा. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या वतीनं पालकांनी वर्गात भाषण करू नये, मग हेतू कितीही चांगला असो. पत्रावर सहीदेखील आधी त्याची, खाली आमची.

दर सत्राला शिक्षक बदलतात आणि जुनं पत्र कुठल्यातरी फायलीत पडून राहतं. तेच पान नवी तारीख घालून, पहिल्या आठवड्यातच, पुन्हा आवक विभागात द्यावं लागतं.