वुडी गथ्री: आधी बोलणं ऐका, मग गाणी

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीची ओळख करून द्यायची म्हटलं की बहुतेक जण ‘धिस लँड इज युअर लँड’ लावतात. गाणं मोठंच आहे, अमेरिकेत ते शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण त्याच्यापासून सुरुवात केली की गथ्री म्हणजे एखाद्या समारंभाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायच्या गाण्याचा कर्ता, एवढाच राहतो. माझं सांगणं वेगळं आहे. मार्च १९४० मध्ये वॉशिंग्टनला लोकगीतं जमवणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने त्याला माइकसमोर बसवून बोलतं केलं, ते ध्वनिमुद्रण आधी ऐका. गाणी पळून जात नाहीत.

मी ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून लिहून काढते, पोटापाण्याचं कामच ते. त्यामुळे माणूस काय बोलतो त्याइतकंच तो कुठे थांबतो, कुठे घाईने पुढे सरकतो, कुठल्या वाक्यानंतर आवाज बदलतो, इकडे कान आपोआप जातो. गथ्री ऐकताना मला सगळ्यात आधी हेच जाणवलं की त्याच्या बोलण्यात आणि गाण्यात सांधाच नाही. गिटार वाजायला लागते तेव्हा तो गायला लागलाय की अजून सांगतोच आहे, हे कळायला क्षणभर वेळ लागतो.

लोमॅक्स तेव्हा २५ वर्षांचा होता आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकगीत संग्रहाचं काम बघत होता. ३ मार्चला न्यूयॉर्कमध्ये विस्थापित शेतमजुरांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने गथ्रीला ऐकलं आणि वॉशिंग्टनला बोलावून घेतलं. पुढे त्याच महिन्यात तीन दिवस दोघं बसले. लोमॅक्स विचारतो, गथ्री सांगतो, मध्येच एखादं गाणं येतं, मग पुन्हा गप्पा. हे सगळं २४ वर्षं सरकारी संग्रहात पडून होतं. १९६४ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने तीन एलपींचा संच काढला, तोवर गथ्री हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराने इस्पितळात खिळलेला होता.

त्यातला एक भाग मी किती वेळा मागे नेऊन ऐकला असेल! गथ्री ओक्लाहोमातल्या ओकीमा गावातलं बालपण सांगत असतो. सहा खोल्यांचं नवं घर बांधलं आणि बांधून होतंय न होतंय तोच ते जळालं. मग १४ वर्षांची बहीण. ती भाजून गेली. तिने स्वतःला पेटवून घेतलं की ती चुकून पेटली, याच्या दोन हकिकती आहेत, असं तो सांगतो, आणि त्यातली खरी कोणती यावर एक शब्दही बोलत नाही. मग आई. तिला हे सोसलं नाही, नॉर्मनच्या वेड्यांच्या इस्पितळात ती गेली. मग वडीलही भाजले. हे सगळं तो ज्या सुरात सांगतो त्याच सुरात त्याने आधी गावातल्या तेलविहिरींबद्दल सांगितलेलं असतं. आवाज चढत नाही, कापत नाही. लोमॅक्सही मध्ये काही घालत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्याचं हे गप्प राहणं किती अवघड असतं ते मला रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. हा सूर एकदा कानात बसला की गथ्रीची गाणी ‘कोरडी’ वाटत नाहीत. तो रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही, असा समज मग होऊच शकत नाही.

त्याच मुलाखतीत तो धुळीच्या वादळाबद्दल सांगतो. १४ एप्रिल १९३५, टेक्ससमधलं पॅम्पा गाव. काळी भिंत चालून यावी तसं वादळ आलं, डोळ्यासमोरचा हात दिसेना, खोलीत टांगलेल्या बल्बचा उजेड पेटलेल्या सिगारेटएवढा. माणसं एका घरात जमली. भाविकांना वाटलं, झालं, जगाचा शेवट आला. एकेक जण निरोप घ्यायला लागला. आणि हे सांगता सांगता तो ‘सो लाँग, इट्स बीन गुड टू नो यू’ गाऊ लागतो. एरवी हे गाणं मी एक हलकंफुलकं निरोपाचं गाणं म्हणून ऐकलं असतं. इथे ते त्या अंधाऱ्या खोलीतूनच बाहेर येतं.

आता याच्या शेजारी ‘डस्ट बोल बॅलड्स’, म्हणजे धुळीने उजाड झालेल्या मुलखाची गाणी, ठेवा. लोमॅक्सच्या मुलाखतीनंतर महिन्याभरातच, २६ एप्रिलला आणि उरलेली थोडी ३ मे रोजी, न्यू जर्सीतल्या कॅम्डनमध्ये व्हिक्टर कंपनीने ही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जुलैमध्ये तीन-तीन तबकड्यांचे दोन अल्बम काढले. माणूस तोच, बरीचशी गाणी तीच. पण इथे बोलायला जागा नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावणार, त्यात जे काय सांगायचं ते सांगा. ‘टॉम जोड’ हे गाणं त्यात बसेना. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीवरचा चित्रपट पाहून त्याने १७ कडव्यांत ती अख्खी गोष्ट रचली होती, ‘जॉन हार्डी’ या जुन्या गाण्याच्या चालीवर. शेवटी एका तबकडीच्या दोन बाजूंवर ते अर्धं-अर्धं टाकावं लागलं. ऐकणाऱ्याने मध्येच उठायचं, तबकडी उलटी करायची, मग पुढची गोष्ट. दोन गाण्यांना तर जागाच मिळाली नाही, ती १९६४ च्या पुनर्प्रकाशनात आली.

या संचातलं ‘डो रे मी’ मला फार आवडतं. चाल इतकी नाचरी की पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्षच जात नाही. शब्द मात्र सावध करणारे: कॅलिफोर्निया नंदनवन आहे खरं, पण खिशात पैसे नसतील तर येऊ नका. १९३६ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी खरोखरच राज्याच्या सीमेवर जाऊन कफल्लक माणसांना परत पाठवायला सुरुवात केली होती. गथ्रीने ती हकिकत नुसती कळवली नाही, आधी जाऊन आलेला शेजारी मागून येणाऱ्याला सांगतो तशी सांगितली.

चालींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘त्याने चाली उचलल्या’ अशी तक्रार अधूनमधून वाचायला मिळते. उचलल्याच. आपल्याकडे जलशांच्या छोट्या पुस्तिकांमध्ये गाण्याच्या डोक्यावर ‘चाल: अमुक’ असं छापलेलं असायचं, तसाच हा प्रकार. ऐकणाऱ्याला चाल आधीच येते, म्हणून शब्द थेट पोचतात. ‘आय एन्ट गॉट नो होम’ घ्या. मूळ भजन म्हणतं, हे जग माझं घर नाही, मी इथून फक्त चाललोय, माझं खरं घर स्वर्गात. विस्थापितांच्या छावण्यांमध्ये हे भजन चालायचं. गथ्रीने चाल ठेवली आणि अर्थ पार उलटा केला: मला घर नाही कारण ते धनिकाने घेतलं, आणि मी जाईन तिथून पोलीस मला हुसकावतात. ज्याला भजन पाठ आहे त्याच्या कानात दोन्ही एकदम वाजतात. नवी चाल लावली असती तर हे साधलंच नसतं.

कोलंबिया नदीची गाणी मात्र मी जरा अंतर ठेवून ऐकते. मे १९४१ मध्ये बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी वीज खात्याने त्याला महिन्याभरासाठी कामावर घेतलं. २६६ डॉलर ६६ सेंट पगार आणि एका महिन्यात २६ गाणी! ‘पास्चर्स ऑफ प्लेन्टी’ त्यातलंच, आणि भटक्या शेतमजुरांवर त्याने लिहिलेलं ते सर्वोत्तम गाणं आहे असं मी मानते. पण ‘ग्रँड कूली डॅम’ ऐकताना मला मजा येता येता थांबते. त्याच धरणाच्या पाण्याखाली केटल फॉल्स हे तिथल्या आदिवासींचं पिढ्यान्पिढ्यांचं मासेमारीचं ठिकाण गेलं. जून १९४० मध्ये ते लोक तिथे जमून त्या धबधब्याला अखेरचा निरोप देऊन आले होते. धुळीने देशोधडीला लागलेल्यांसाठी इतकं लिहिणाऱ्या माणसाच्या गाण्यात हे धरणग्रस्त नाहीत. वीज आणि पाणी मिळालं की गरीब शेतकरी तरेल, यावर त्याचा मनापासून विश्वास होता, हे उघड आहे. तरीही ही जागा रिकामी आहे आणि ती ऐकू येते.

एप्रिल १९४४ मध्ये, व्यापारी जहाजांवरच्या दोन फेऱ्यांमधल्या काळात, गथ्री न्यूयॉर्कमध्ये तबकड्या काढणाऱ्या मोझेस अ‍ॅशच्या छोट्याशा स्टुडिओत गेला. बरोबर गायला मित्र सिस्को ह्यूस्टन, कधी सनी टेरीचा माउथ ऑर्गन. एखाद्या दिवसात पन्नासहून जास्त गाणी व्हायची! एका दमात, बहुधा पुन्हा न घेता. ह्यूस्टन कुठे वरच्या पट्टीत चुकतो, गथ्री मध्येच एखादा ठोका जास्त घेतो, कडवं संपवून पुढच्याला लगेच हात घालतो. आजच्या कानाला हे ओबडधोबड वाटेल. मला यात मोकळेपणा दिसतो. ते श्रोत्यासाठी गात नाहीत, मित्रांमध्ये एकाने सुरू केलं आणि दुसरा येऊन मिळाला असं ते गाणं आहे.

‘धिस लँड’ची गोष्टही इथलीच. गाणं लिहिलं २३ फेब्रुवारी १९४० ला. रेडिओवर सारखं लागणाऱ्या ‘गॉड ब्लेस अमेरिका’ला ते उत्तर होतं, आणि हस्तलिखितात ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी वाट अडवते ते कडवं होतं, मदत केंद्राबाहेर रांगेत उभ्या भुकेल्या माणसांचंही होतं. १९५१ मध्ये तबकडीवर आलेल्या गाण्यात ही दोन्ही नव्हती. पुढे १९९० च्या दशकात स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचे संग्रहपाल जेफ प्लेस जुन्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करत असताना त्यांना १९४४ चं एक ध्वनिमुद्रण सापडलं, आणि त्यात पाटीचं कडवं गथ्रीच्या आवाजात होतं. तेही कसं गायलंय, तर बाकीच्या कडव्यांसारखंच. ‘आता बघा, मी काहीतरी बोलणार आहे’ असा कुठलाही आविर्भाव नाही. डोंगर दिसला, वाळवंट दिसलं, पाटी दिसली.

हाच सूर ‘१९१३ मॅसकर’मध्ये पराकोटीला जातो. २४ डिसेंबर १९१३, मिशिगनमधलं कॅल्युमेट. संपावर असलेल्या तांब्याच्या खाणकामगारांची मुलंबाळं नाताळच्या समारंभासाठी एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर जमलेली. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यांत ५९ मुलं. गथ्री श्रोत्याला हाताला धरून आत नेतो: या, जिना चढून वर या, हे बघा लोक नाचताहेत, ही छोटी मुलगी पियानोला बसली आहे, आता शांत राहा. तीन मात्रांची संथ चाल, गिटार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका गतीने. आरोळी येते तेव्हाही गिटार घाई करत नाही. दार बाहेरून मालकांच्या गुंडांनी धरून ठेवलं होतं असं गाणं सांगतं. इतिहासात त्याबद्दल मतभेद आहेत, आणि ७३ ही सगळीच मुलं असल्याचं तो गातो तेही नेमकं नाही. पण मृत मुलांना पुन्हा वर नेऊन झाडाजवळ ठेवतात ती ओळ त्याच न हललेल्या आवाजात आली की मला बहिणीची ती दोन हकिकतींची जागा आठवते. हा आवाज त्याने गाण्यासाठी बनवलेला नाही, वाईट बातमी सांगायची त्याची तीच रीत आहे. बॉब डिलनने तरुणपणी गथ्रीसाठी गाणं लिहिलं ते याच चालीवर.

१९४९ मध्ये न्यूवर्कमधल्या एका कार्यक्रमाचं पोलादी तारेवर केलेलं ध्वनिमुद्रणही आहे, ‘द लाइव्ह वायर’. त्यात पत्नी मार्जोरी त्याची ओळख करून देते, तो गाण्याऐवजी गोष्टीतच रमतो आणि ती त्याला हळूच गाण्याकडे वळवते. तुटलेल्या, ताणलेल्या तारेतून हे परत मिळवलं त्या माणसांचे मी मनोमन आभार मानते.

आणि शेवटचं, २०२५ मध्ये निघालेलं ‘वुडी अ‍ॅट होम’. १९५१-५२ मध्ये ब्रुकलिनच्या घरी, प्रकाशकाने दिलेल्या टेपरेकॉर्डरवर त्याने एकट्याने गाऊन ठेवलेल्या टेपा. आजार शरीरात उतरायला लागला होता. यात ‘डीपोर्टी’ आहे. जानेवारी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस दरीत विमान कोसळून ३२ जण गेले. देशभरच्या बातम्यांमध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांची नावं आली आणि मेक्सिकोला परत पाठवले जात असलेले २८ मजूर नुसते ‘हद्दपार’ राहिले. गथ्रीने यावर लिहिलं. आपण सगळे ओळखतो ती चाल मार्टिन हॉफमनने मागाहून लावली, आणि पुढे कितीतरी गायकांनी ती भरल्या गळ्याने गायली. घरच्या टेपेवर गथ्रीची स्वतःची चाल आहे, बोलण्याच्या अगदी जवळची, मध्ये मध्ये अडखळणारी. पहिल्यांदा ऐकलंत तर हॉफमनची चाल आठवून चुकल्यासारखं वाटेल. दुसऱ्यांदा ऐकताना ती बाजूला ठेवा आणि फक्त तो नावं कशी घेतो ते ऐका. वान, रोसालिता, हेसूस, मारिया. ही नावं गाण्यासाठी घेतलेली होती, खरी नावं देशभरच्या त्या बातम्यांमध्ये नव्हती. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्या २८ जणांच्या नावांची शिळा लागली ती २०१३ मध्ये.

तर क्रम असा धरा: लोमॅक्सची मुलाखत, मग ‘डस्ट बोल बॅलड्स’, मग अ‍ॅशकडची गाणी हवी तशी, आणि या घरच्या टेपा सगळ्यात शेवटी. मुलाखत सलग ऐका, बोलण्याचे तुकडे ओलांडून गाण्यांवर उडी मारू नका.