कडीला तेल

काल दुपारी जेवून ओटीवरच्या झोपाळ्यावर आडवा झालो. पायाने रेटा दिला. झोपाळा हलला, पण बोलला नाही. वहिनीने सकाळीच कड्यांना तेल सोडलं होतं. "किती वर्षं ती कुरकुर ऐकायची, भाऊजी?" म्हणाली. झालं, झोप गेली ती गेलीच.

मला करकर लागते. दाराची, खाटेची, कशाचीही. खोड आहे, मान्य. पण ती लागली याच घरात, चौलच्या वाडीत.

दिवाळी झाली की शिंपणं सुरू व्हायचं ते थेट मृगापर्यंत. विहिरीवर रहाट. झापडं लावलेला रेडा गोल फिरायचा, आडव्या चाकाचे लाकडी दात उभ्या चाकाच्या दातांत अडकायचे आणि मातीच्या लोट्यांची माळ वर येऊन डोणीत पाणी ओतायची. तिथून पाटाने पोफळींच्या आळ्यांत. लोट्यांच्या बुडाला बारीक भोक असे. कुंभाराने आबांना फसवलं, अशी माझी खात्री होती. आबा म्हणाले, "अरे, लोटा खाली उतरतो तो पालथा. पाण्यात शिरताना आतली हवा जाणार कुठून?" त्या भोकातून वर येतानाही थोडं पाणी गळायचं, खालच्या लोट्यांवर. त्यामुळे करकरीच्या पोटात आणखी एक टपटप असायची.

दुपारभर हे चाले. आबा इथेच, या झोपाळ्यावर घोरत. आजी माजघरात तांदूळ निवडत बसलेली. मध्येच आवाज थांबे. आजी सुपातून मान वर न करता म्हणे, "जा रे, रेडा उभा राहिला." पळत जावं तर गडी पोफळीला टेकून गाढ झोपलेला आणि रेडा शहाण्यासारखा रवंथ करतोय. परत येईपर्यंत आबाही उठून बसलेले. गलका झाला तर न उठणारा माणूस, करकर थांबली की टक्क जागा. रहाटाला तेल का घालत नाही विचारलं, तर म्हणाले, "मग बंद पडलेला कळायचा कसा?"

सीरियात हामा गावी ओरोंटिस नदीवर जुने लाकडी रहाट आहेत. रेडा नाही, नदीच फिरवते त्यांना. सगळ्यांत मोठा १३६१ सालचा, व्यास सुमारे २० मीटर. अरबीत त्याला नाऊरा म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी म्हणे कण्हणंच आहे. वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. आपला रहाट संस्कृतातल्या अरघट्टावरून आला. त्यातही मला घरघर ऐकू येते. पण ती व्युत्पत्ती नव्हे, माझे कान.

पुढे पंप आला. त्याचाही आवाज होतो, पण त्यावर कुणाला झोप लागल्याचं ऐकिवात नाही. चाकाची लाकडं एकेका पावसाळ्यात चुलीत गेली. लोटे तेवढे उरलेत, सात-आठ. वहिनीने त्यांत अबोली लावलीय; बुडाला भोक आयतंच.

आज दुपारी पुन्हा झोपाळ्यावर पडून पाहिलं. अजून गप्पच आहे. कडीवरचं तेल किती दिवसांत उतरतं, कुणास ठाऊक. वहिनीला विचारायची सोय नाही.