तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणातून कोकणात कशाला?

ठाण्याची माझी जाऊ दर फेब्रुवारीत फोन करून हेच विचारते. "लग्नाच्या वाढदिवसाला माणसं अंदमानला जातात, मालदीवला जातात. तुम्ही कुडाळात राहता आणि दोन दिवस जाऊन बसता कुठे, तर कालावलच्या खाडीतल्या जुव्यावर! आहे काय तिथे?" दुकानात गिऱ्हाइकंही विचारतात, पण झेरॉक्स निघेपर्यंतच. उत्तर ऐकायला थांबत कोणी नाही.

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. गड नदी मालवणच्या उत्तरेला समुद्राला मिळते, त्याच्या आत हे जुवे आहेत. माड, मोजकी घरं, काठाला कांदळाची झाडी. आम्ही एका ओळखीच्या घरी उतरतो. पेज, घावणे, मिळाल्या तर तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. बेट म्हटलं की पाहुण्यांना सिंधुदुर्ग किल्लाच आठवतो. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं. भर समुद्रात असून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं. जरूर बघावा. पण तिथे होडीसाठी रांग लावायची, तासाभरात फिरून परतायचं. ती सहल झाली.

आमचं दुकान दोघांचं. सकाळी नऊ ते रात्री नऊ शेजारी शेजारी बसतो आणि बोलतो ते "सुटे आहेत का?" आणि "कागद संपला" एवढंच. पहिल्यांदा जुव्यावर गेलो तेव्हाही पहिला दिवस तसाच गेला. हे माडाखाली झोपले, मी मासिक वाचलं.

दुसऱ्या दिवशी निघताना घोळ झाला. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्या दिवशी वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमाराला खाडी रिकामी. होडीवाल्याने साडेसातलाच हाक मारली होती. यांना आणखी दोन घावणे हवे होते. निघालो नऊला. अर्ध्या वाटेत होडी चिखलात बसली ती बसलीच.

"आता पाणी चढल्याबगर होडी हलूची नाय. बसा गप," असं म्हणून होडीवाला टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

उतरायची सोय नाही, गुडघाभर चिखल. मोबाइलला रेंज नाही. दोन तास. पहिला अर्धा तास मी घावण्यांवरून बोलले, ते इथे लिहीत नाही. मग समोर बघत बसलो. चिखल हळूहळू हलायला लागला. आधी वाटलं, उन्हामुळे भास होतोय. नीट बघितलं तर निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, बोटाएवढ्या, डोळे डोक्यावर, चिखलावरून टुणटुण उड्या मारत चाललेल्या. आणि शेकडो बारके खेकडे. प्रत्येकाची एक नांगी अंगाहून मोठी आणि ती वरखाली हलवत सगळे कुणाला तरी बोलावतायत.

"ते मादीला बोलावतायत," हे म्हणाले.

"आणि तू मला बघायला आलेलास तेव्हा एक शब्द बोलला नव्हतास," मी म्हटलं. एरवी मी यांना अहो-जाहोच करते. तोंडातून गेलं ते गेलं.

मग कळलं की त्या दिवशी यांची नवी चप्पल एसटीत तुटली होती आणि हे आमच्या ओसरीवर तासभर पाय लपवून बसले होते. सव्वीस वर्षांनी कळलं! मला वाटत होतं, मुलगी पसंत नाही.

अकराच्या सुमाराला होडीखाली पाणी आलं. होडीवाला उठला, वल्हं रोवून त्याने होडी सोडवली. आम्ही कुडाळात पोचलो तेव्हा दुकान उघडायची वेळ कधीच टळली होती.

तर म्हणून जातो. तिथे पाणी गेलं की कुणी येऊ शकत नाही आणि आपल्यालाही कुठे जाता येत नाही. मालदीवचं मला माहीत नाही, जावेने फोटो पाठवले ते छान होते.

यंदा परतायच्या दिवशी दशमी येते. म्हणजे सकाळी साडेसातला भरती. दहापर्यंत होडीत बसलो तर आरामात पार होऊ. काल रात्री गल्ला मोजताना यांनी तोंडी हिशेब केला, मान डोलावली आणि म्हणाले, "जेवूनच निघूया."