टेन्शन काय फक्त डोक्यात असतं?

असं कोणी म्हणालं की मला 1995 चा अमेरिकेतला तो अभ्यास आठवतो, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकाचं वर्षानुवर्षं करणाऱ्या बायकांच्या हातावर मुद्दाम छोटीशी जखम केली (परवानगीने हो!) आणि ती भरायला बाकीच्या बायकांपेक्षा सरासरी 9 दिवस जास्त लागले. ताण मनाला आणि भोगतंय कातडं! कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं हार्मोन, थोडा वेळ वाढलं तर कामाचंच असतं, पण महिनोन्महिने चढलेलं राहिलं की प्रतिकारशक्ती ढेपाळते, बीपी वाढतं, झोप उडते आणि मेंदूतल्या आठवणी सांभाळणाऱ्या भागाला, हिप्पोकॅम्पसलाही फटका बसतो, म्हणजे विसराळूपणाला दरवेळी वयच कारण असतं असं नाही. आणि "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणाऱ्यांनी आधी घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला दोन तास सुट्टी मिळवून द्यावी, मग बोलावं.